सरकारची ‘पहिली उचल’

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा फुगली की नृसिंहवाडीत काय होतं, ते शिरोळ तालुक्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. पाणी दत्तमंदिरात शिरतं. पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू लागलं की दक्षिणद्वार सोहळा, आणि स्नानाला गर्दी. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथे होते. जागा बदलते, नित्यक्रम मोडत नाही.

सरकारचा नित्यक्रम मात्र मोडू शकतो. तोही पुरानं नाही, युद्धानं नाही, तर एक कागद वेळेत मंजूर झाला नाही म्हणून. १ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेत हेच झालं. नवं आर्थिक वर्ष उजाडलं, खर्चाची विधेयकं अडकलेली होती आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत सरकारनं निम्म्या ऑफिसांना कुलूप लावलं. लाखो कर्मचारी बिनपगारी घरी बसले. विमानांना वाट दाखवणारे कंट्रोलर बिनपगारी कामावर येत राहिले, आणि शेवटी ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायची वेळ आली. ज्यांचं रेशन सरकारी मदतीवर चालतं अशा सुमारे सव्वाचार कोटी लोकांची नोव्हेंबरची मदत लटकली. तिकडे नोकरीसाठी व्हिसाची खटपट करणाऱ्या आपल्याकडच्या इंजिनीअरनाही झळ बसली, कारण त्या अर्जाला लागणारा कामगार खात्याचा दाखला देणारी खिडकीच बंद झाली होती. हे ४३ दिवस चाललं. अमेरिकेच्या इतिहासातलं तोवरचं सगळ्यात लांबलेलं शटडाऊन. त्याआधीचा विक्रम ३५ दिवसांचा, २०१८-१९ चा.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचं ते बघून घेतील. पण एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. आपल्याकडे सरकारं पडतात, आमदार फुटतात, ऐन मार्चमध्ये निवडणुका जाहीर होतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तर महाराष्ट्रात काही दिवस सरकारच नव्हतं. तरी ‘निधी संपल्यामुळे तहसील कार्यालय बंद’ अशी पाटी कधी बघितलीय? एसटी थांबली? कॉलेजातल्या सरांचा पगार विधानसभेत बिल अडकलं म्हणून राहिला? तसं झाल्याचं ऐकिवात नाही. का नाही, हे कळलं तर दुसरीही एक गोष्ट कळते, आणि ती तुमच्या शिष्यवृत्तीपर्यंत येते.

कुलूप कुणाचं?

गंमत म्हणजे अमेरिकेतलं कुलूप फार जुनं नाही. संसदेनं मंजूर न केलेला खर्च सरकारी अधिकाऱ्यानं करू नये, असा तिथला कायदा १८८४ चा आहे. पण पुढे जवळजवळ शंभर वर्षं मंजुरीला उशीर झाला तरी ऑफिसं बहुतेक चालूच राहायची. होईल मंजूर, तोवर काटकसर करू, असा मामला होता. १९८० मध्ये तिथले ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला: मंजुरी नाही तर काम नाही, जीव आणि मालमत्ता वाचवण्यापुरती कामं तेवढी चालतील. तेव्हापासून कुलपं लागायला लागली.

ती टाळायला त्यांच्याकडे एक तात्पुरता ठराव असतो. गेल्या वर्षीच्याच दरानं आणखी काही आठवडे खर्च चालू ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. ४३ दिवसांनंतर कुलूप निघालं ते अशाच विधेयकानं. तीन खात्यांच्या गटांना पूर्ण वर्षाचे पैसे मिळाले आणि बाकीच्यांना ३० जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत. म्हणजे भांडण मिटलं नाही, पुढच्या तारखेला गेलं.

हे भांडण तिथे एवढं ताणता येतं, कारण राष्ट्राध्यक्ष आणि संसद वेगवेगळे निवडून येतात. संसदेनं पैसे अडवले तरी राष्ट्राध्यक्षाची खुर्ची हलत नाही. आपल्याकडे उलटं आहे. मुख्यमंत्री बसतो तो विधानसभेतल्या बहुमतावर. खर्चाच्या मागणीवर सरकार हरलं तर बहुमत गेलं असाच अर्थ निघतो आणि सरकारला जावं लागतं. वरच्या सभागृहालाही अडवून धरता येत नाही. विधान परिषदेनं धनविधेयक १४ दिवसांत परत केलं नाही, तर ते मंजूर झालं असंच मानतात. त्यामुळे आपल्याकडे पैशावरून सरकार जाऊ शकतं, पण ऑफिस बंद पडत नाही.

सरकार पडलं तरी काय करतात, याचा नमुना १९९९ चा. १७ एप्रिलला वाजपेयी सरकार लोकसभेत एका मतानं पडलं. २६९ विरुद्ध २७०. त्या वर्षाचा अर्थसंकल्प अजून मंजूर व्हायचा होता. ज्यांनी सरकार पाडलं त्यांनीच मग सगळ्यांबरोबर बसून तो चर्चा न करता मंजूर करून दिला, आणि त्यानंतर लोकसभा विसर्जित झाली. चर्चा न करता, हे शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

उसाच्या भाषेत लेखानुदान

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेची भाषणं तुम्ही ऐकली असतील, निदान घरात त्यावरून वाद तरी ऐकला असेल. भांडण कशावर असतं? पहिल्या उचलीवर. हंगामाचा अंतिम हिशोब व्हायला वेळ लागतो. साखर किती निघाली, कितीला गेली, सगळं नंतर. पण शेतकऱ्याचं घर तोवर थांबत नाही. सोसायटीचं कर्ज आहे, पोरांची फी आहे. म्हणून कारखाना आधी उचल देतो आणि बाकीचा हिशोब मागाहून होतो.

सरकारच्या पहिल्या उचलीचं नाव लेखानुदान. राज्याचा सगळा महसूल जमा होतो त्या तिजोरीला एकत्रित निधी म्हणतात. संविधानाचं कलम २६६ सांगतं की कायद्यानं मंजुरी दिल्याशिवाय त्यातून रुपयाही काढता येणार नाही. मंजुरी एका आर्थिक वर्षाची असते, ती ३१ मार्चला संपते. १ एप्रिलच्या सकाळी जुनी मंजुरी मेलेली आणि नवा अर्थसंकल्प अजून चर्चेत, अशी वेळ आली तर काय? त्यासाठी कलम २०६. पूर्ण अर्थसंकल्पाचा निकाल लागेपर्यंत काही महिन्यांचा खर्च विधानसभा आगाऊ मंजूर करू शकते. एमपीएससी करणाऱ्यांना हे कलम पाठ असतं. बाकीच्यांनी नुसतं ‘पहिली उचल’ लक्षात ठेवलं तरी चालेल.

महाराष्ट्रानं हे अलीकडे दोनदा केलं. २०१९ मध्ये लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. सुधीर मुनगंटीवार यांनी २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि पूर्ण अर्थसंकल्प १८ जूनला आला. २०२४ मध्येही तसंच. तारीखही तीच, २७ फेब्रुवारी, आणि मांडणारे अजित पवार. चार महिन्यांची सोय केली आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला. मधल्या काळात पगार झाले, पेन्शनी झाल्या, कर्जाचे हप्ते गेले. तुमच्यापैकी कुणालाही काही जाणवलं नसेल.

केंद्रात तर एके काळी लेखानुदान ही दरवर्षीचीच पद्धत होती. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी अर्थसंकल्प यायचा, चर्चा मेपर्यंत चालायची, म्हणून दोन महिन्यांची उचल घ्यायची. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला आणला आणि निवडणुकीचं वर्ष सोडलं तर तिथे उचलीची गरज उरली नाही.

उचलीच्या पैशातून नवी योजना सुरू करू नये, असा संकेत आहे. चालू आहे ते चालू ठेवायचं, बस्स. निवडणुकीच्या तोंडावरचं सरकार पुढच्या सरकारचे हात बांधू नये, हा त्यामागचा विचार. पण संकेत म्हणजे कायदा नव्हे. फेब्रुवारी २०१९ च्या केंद्राच्या अंतरिम अर्थसंकल्पातच शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये देणारी पीएम-किसान योजना जाहीर झाली होती, आणि ती कुणी अडवली नाही. कोण अडवणार? मतदारांना पैसे देऊ नका असं म्हणायला कुठला विरोधी पक्ष उभा राहील?

आणि लेखानुदानही मंजूर करायला विधानसभा नसेल तर? राष्ट्रपती राजवटीत विधानसभेचे अधिकार संसदेकडे जातात. महाराष्ट्रात १९८० च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजवट लागली आणि जूनपर्यंत राहिली, म्हणजे ३१ मार्च तिच्यातच आला आणि गेला. सगळ्यात काठावरचा प्रसंग मात्र उत्तराखंडचा, २०१६ चा. १८ मार्चला तिथल्या विधानसभेत खर्चाच्या विधेयकावरून राडा झाला. अध्यक्ष म्हणाले, आवाजी मतदानानं मंजूर. सत्ताधारी काँग्रेसचे नऊ बंडखोर आणि विरोधक म्हणाले, आम्ही मतविभागणी मागितली होती, मंजूर कसलं? २७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली. केंद्रानं विधेयक नामंजूर धरलं. म्हणजे १ एप्रिलपासून एका अख्ख्या राज्याला एक रुपया खर्च करायचा अधिकार नाही. उरले चार दिवस. संसद अधिवेशनात असताना अध्यादेश काढता येत नाही, म्हणून आधी अधिवेशनाची सांगता केली आणि ३१ मार्चला लेखानुदानाचा अध्यादेश निघाला, सुमारे १३,६०० कोटींचा. भारतात शटडाऊन कधी होऊ शकलं असतं का, याचं सगळ्यात जवळचं उत्तर हेच. एका रात्रीचं अंतर होतं.

दीडशे कोटींचा डबा

उचल झाली ती माहीत असलेल्या खर्चासाठी. पण पूर काय ३१ मार्च बघून येतो?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वाडी, कुरुंदवाड, शिरोळ, अख्खा पट्टा पाण्याखाली गेला, तेव्हा विधानसभेचं अधिवेशन २ जुलैलाच संपलेलं होतं. पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात १०,००० आणि शहरात १५,००० रुपये जाहीर झाले, त्यातले ५,००० हातात रोख. आमदार सभागृहात नसताना हे पैसे काढता येतात ते कसे?

त्याला दोन वाटा असतात. एक, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. हा आधीच भरून ठेवलेला असतो, आपल्यासारख्या राज्यांत ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. त्याचे दर आणि नियम ठरलेले. दुसरी वाट म्हणजे आकस्मिकता निधी, कलम २६७. आजी गव्हाच्या डब्यात नोटा लपवून ठेवते ना, तसा. घरात कुणाला न विचारता तिनं त्या काढायच्या, पण नंतर सगळ्यांना सांगून डबा पुन्हा भरायचा. महाराष्ट्राच्या या डब्यात कायम असतात १५० कोटी. काढलेली रक्कम पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणी मंजूर करून परत भरावी लागते.

दीडशे कोटीत काय होतं, असं वाटेल. बरोबर आहे. म्हणून सरकार अध्यादेश काढून डबाच तात्पुरता मोठा करतं. नोव्हेंबर २०१९ आठवा. अवकाळी पावसानं खरीप झोपवलेलं, निवडणुकीचा निकाल लागून तीन आठवडे झालेले आणि सरकार कुणाचं तेच ठरेना. १२ ते २३ नोव्हेंबर राष्ट्रपती राजवट होती. त्याच दिवसांत राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० आणि फळबागेला १८,००० रुपये मदत जाहीर केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. २३ तारखेच्या पहाटे शपथ घेतलेल्या देवेंद्र फडणवीसांनी २५ तारखेला आकस्मिकता निधीतून ५,३८० कोटी मंजूर केले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मदतीची मंजुरी काही त्यांच्याबरोबर गेली नाही. या सगळ्या तमाशात राज्याला मुख्यमंत्री नव्हता, मग होता, मग नव्हता, पण शेतकऱ्यासाठी पैसे काढायची वाट उघडी राहिली. संविधान लिहिणाऱ्यांना याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण डब्याची सवय लागते, हेही खरं. ज्या खर्चाची आधी कल्पना होती तोही या निधीतून भागवला जातो, यावर देशाच्या महालेखापरीक्षकांनी म्हणजे ‘कॅग’नं महाराष्ट्राला टोकलेलं आहे. आजीच्या डब्यातून मोबाइलचा रिचार्ज मारल्यासारखं.

बिल पास, पण बोललं कोण?

शटडाऊन नाही म्हणून हुरळून जाण्याआधी १९९९ चे ते शब्द पुन्हा आठवा: चर्चा न करता. आपली व्यवस्था पैसे थांबू देत नाही. पण ते कशावर जातायत हे विचारायला ती आमदारांना किती वेळ देते?

अर्थसंकल्पी अधिवेशनात एकेका विभागाच्या मागण्यांवर चर्चा व्हावी, अशी अपेक्षा असते. ठरलेल्या दिवसांची वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात आणि ‘होय’च्या गजरात त्या मंजूर होतात. याला संसदीय भाषेत गिलोटिन म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत मुंडकी उडवायला वापरलेलं यंत्र तेच. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

मग पुरवणी मागण्या. वर्षाच्या मध्ये पैसे कमी पडले किंवा नवा खर्च निघाला, तर कलम २०५ खाली सरकार पुन्हा विधानसभेकडे येतं. ही सोय हवीच. पण २०२४ चा हिशोब बघा. पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला. त्यातच लाडकी बहीण योजनेची घोषणा. आणि ९ जुलैला, अवघ्या अकरा दिवसांनी, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या! त्यात लाडक्या बहिणीसाठी २५,००० कोटी. योजना चांगली की वाईट, हा वाद वेगळा. तुमच्या आईच्या खात्यात १,५०० रुपये आले असतील तर तिच्याशी तो घालूही नका. पण अकरा दिवसांत अचानक काय घडलं? मूळ अर्थसंकल्पात हा खर्च असता तर तूट किती दिसली असती, हे तेव्हाच सगळ्यांसमोर आलं असतं. अडचणीसाठी ठेवलेलं दार रोजच्या येण्याजाण्याचं झालं की पुढच्या दारावरचा पहारा निरर्थक होतो. मला हे अमेरिकेतल्या कुलपाइतकंच गंभीर वाटतं. फरक एवढाच की कुलूप दिसतं.

मंजूर आहे, पण आलं नाही

आता तुमच्याकडे येऊ. महाडीबीटीवर अर्ज ‘मंजूर’ दिसतोय, पहिला हप्ता मागच्या वर्षीचा, दुसऱ्याचा पत्ता नाही, आणि कॉलेज म्हणतंय फी भरा नाहीतर निकाल अडकेल. मेसवाले काकाही किती महिने थांबतील? असं कुणी ना कुणी तुमच्या वर्गात असतंच. विधानसभेनं पैसे मंजूर केलेत, लेखानुदान झालंय, सगळं कायदेशीर आहे. मग अडलं कुठे?

मंजूर होणं आणि हातात पडणं, यात वित्त विभाग उभा असतो. विधानसभेनं दिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. तेवढा खर्च केलाच पाहिजे, असं त्यात नसतं. प्रत्यक्ष किती टक्के आणि कधी सोडायचे, ते वित्त विभाग परिपत्रकानं ठरवतो. सगळ्यात ठळक उदाहरण कोविडचं. मार्च २०२० मध्ये अर्थसंकल्प रीतसर मंजूर झाला. ४ मे २०२० ला शासन निर्णय निघाला: विभागांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नव्या योजना नाहीत, नवी भरती नाही. एक बैठक नाही, एक मत नाही, आणि मंजूर अर्थसंकल्पाचा दोन तृतीयांश भाग बाजूला. तेव्हा संकट खरं होतं, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. भरतीची तयारी करत पुण्यात खोली घेऊन बसलेल्यांना मात्र त्या एका कागदाची किंमत कळली.

संकट नसतानाही हेच लहान प्रमाणात चालतं. २०२५ मध्ये राज्यातल्या सरकारी कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आल्या. झालेल्या कामांचे पैसे होते ते. अमेरिकेत निदान तारीख असते: अमुक दिवशी बंद, अमुक दिवशी चालू. २०१९ च्या कायद्यानं तिथल्या कर्मचाऱ्यांना बुडालेला पगार नंतर मिळण्याची हमीही आहे. इकडे हप्ता कधी येणार याची ना तारीख, ना उशीर झाला तर व्याज.

बघायची सोय मात्र आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. महाराष्ट्राच्या वित्त विभागाची ‘बीम्स’ नावाची ऑनलाइन यंत्रणा आहे. त्यात विभागवार तरतूद किती, त्यातला निधी वितरित किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे वेगवेगळे आकडे असतात. तरतूद आणि वितरण यातली दरी बघितली की आपला हप्ता कुठे बसलाय याचा अंदाज येतो. समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन ‘सर, पैसे कधी येणार’ विचारण्यापेक्षा ‘या योजनेचं वितरण किती टक्के झालंय’ विचारून बघा. समोरचा माणूस मान वर करून तुमच्याकडे बघेल.

पुरवणी मागण्यांची पुस्तिका सहसा अधिवेशनाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत सभागृहात ठेवतात. जाडजूड असते, पण वाचायची किल्ली सोपी आहे: प्रत्येक विभागाला इंग्रजी अक्षर दिलेलं असतं. पुराची मदत शोधायची तर ‘सी’, महसूल व वन. ग्रामविकास ‘एल’, बांधकाम ‘एच’, लाडकी बहीण ‘एक्स’. शिष्यवृत्तीसाठी सामाजिक न्यायाचं ‘एन’ आणि उच्च व तंत्रशिक्षणाचं ‘डब्ल्यू’ आधी उघडा.